स्वस्त इलेक्ट्रिक गाडी येणार आहे, हे कंपनीने नेमकं कधी सांगावं?

चाकावरची

नमस्कार मंडळी. इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं ठरलं होतं. कर्ज मंजूर झालं होतं, रंगावरची घरातली भांडणंसुद्धा मिटली होती. बुकिंगचे पैसे भरायचे तेवढे राहिले होते. आणि गेल्या आठवड्यात त्याच कंपनीच्या प्रमुखांनी एका मुलाखतीत जाता जाता सांगितलं की याच तंत्रावर आधारलेली, आकाराने लहान आणि "बरीच परवडणारी" गाडी तयार होते आहे. किंमत सांगितली नाही, महिना सांगितला नाही, बॅटरी केवढी तेही नाही.

मला याचा मनापासून राग आला आहे. मुलाखत पाहिली नसती तर आज गाडी दारात असती. आता घेतली तर सहा महिन्यांनी पस्तावायची भीती, थांबले तर किती थांबायचं याचा पत्ता नाही. माझ्या नवऱ्याचं म्हणणं अगदी उलट आहे. तो म्हणतो, सांगितलं हे बरंच झालं, गुपचूप ठेवलं असतं आणि आपण गाडी घेतल्यावर पंधरा दिवसांत स्वस्त मॉडेल आणलं असतं तर जास्त चिडली असतीस. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे, म्हणून इथे विचारते.

माझ्या एकटीच्या खरेदीचा प्रश्न बाजूला ठेवा. अशा कंपन्यांनी स्वस्त मॉडेलची घोषणा कधी करावी, याला काही शहाणपणाचा नियम आहे का? आधी सांगितलं तर चालू गाडीची विक्री बसते असं सगळे म्हणतात, पण ते खरंच आकड्यांत दिसतं का? या धंद्यातलं कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा.

टूलरूम

ताई, प्रश्न फार योग्य वेळी विचारलात. मी गाड्यांच्या पत्र्याच्या भागांचे डाय, म्हणजे पत्रा दाबून आकार देणारे साचे, बनवणाऱ्या कारखान्यात काम करतो. बॉनेट, दाराचं आतलं पॅनेल, छप्पर, असे भाग. त्यामुळे नवी गाडी येणार हे आम्हाला जाहिरातीच्या कितीतरी आधी कळतं, आणि ती ठरल्या वेळी येणार की नाही याचा अंदाजही आम्हाला लवकर येतो.

आधी तुमच्या थेट प्रश्नाचं माझं उत्तर. किंमत, महिना आणि कोणती आवृत्ती पहिली मिळणार, या तिन्ही गोष्टी एकत्र सांगता येतील तेव्हाच घोषणा करावी. ती वेळ साधारण पायलट लॉटच्या, म्हणजे विक्रीआधीच्या चाचणी तुकडीच्या, गाड्या खऱ्या लाइनवरून, खऱ्या डायच्या पार्टवर उतरायला लागल्या की येते. म्हणजे गिऱ्हाइकाला गाडी मिळायच्या सहाएक महिने आधी. त्याआधी सांगितलेली तारीख ही कंपनीची इच्छा असते. मोठ्या पॅनेलचा डाय बनवून, ट्रायल घेऊन, पत्रा कुठे फाटतो, कुठे सुरकुत्या पडतात हे निस्तरून तो मंजूर व्हायला वर्ष सहज जातं. आणि पहिल्या ट्रायलला पार्ट बरोबर निघाला असं फार क्वचित होतं. दाराच्या पॅनेलच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर दिसते, मग तिथली त्रिज्या थोडी वाढवा, पुन्हा प्रेसवर चढवा, पुन्हा मापं घ्या. असं चाललेलं असताना कुणी व्यासपीठावरून महिना जाहीर केला की आमच्याकडे सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

आता आकड्यांचं. "आधी सांगितलं की चालू माल खपत नाही" हे म्हणताना सगळे ऑसबॉर्न कंपनीचं उदाहरण देतात. 1981 मध्ये त्यांनी 1,795 डॉलरला हातात उचलून नेता येईल असा संगणक आणला, तो तुफान खपला. 1983 च्या सुरुवातीला पुढच्या मॉडेलची चर्चा झाली, विक्रेत्यांनी जुन्याच्या ऑर्डरी थांबवल्या, आणि सप्टेंबर 1983 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. गोष्ट खरी आहे, पण अर्धी. त्याच काळात कायप्रो कंपनीचा संगणक 1,595 डॉलरला मिळत होता आणि त्याचा पडदा 9 इंचाचा होता, ऑसबॉर्नचा 5 इंचाचा. गिऱ्हाईक फक्त घोषणेमुळे गेलं असं मला वाटत नाही.

इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये सर्वात मोठं उदाहरण टेस्लाचं. 31 मार्च 2016 ला त्यांनी मॉडेल 3 दाखवली, किंमत सांगितली 35,000 डॉलर, नोंदणी 1,000 डॉलर. आठवड्यात सव्वातीन लाखांच्या आसपास लोकांनी पैसे भरले. तेव्हा विकली जाणारी मॉडेल एस साधारण दुप्पट किमतीची होती. सगळ्यांना वाटलं आता एस कोण घेणार? प्रत्यक्षात 2015 मध्ये कंपनीने 50,580 गाड्या दिल्या होत्या, 2016 मध्ये 76,230 दिल्या, आणि 2017 मध्ये फक्त मॉडेल एस आणि तिच्यासारखीच महाग मॉडेल एक्स मिळून एक लाखाच्या वर गेल्या. घोषणेनंतर विक्री वाढली! घसरण कधी आली? मॉडेल 3 रस्त्यावर भरपूर दिसायला लागल्यावर. 2018 मध्ये एस आणि एक्स मिळून सुमारे 99 हजार होत्या, 2019 मध्ये सुमारे 67 हजार झाल्या.

यावरून माझी पक्की समजूत झाली आहे की महागड्या गाडीला घोषणेपेक्षा स्वस्त गाडीची प्रत्यक्ष डिलिव्हरी जास्त मारते, पण किमतीत मोठं अंतर असेल तरच. दुप्पट किमतीची गाडी घेणारा माणूस वेगळा असतो. तो दोन वर्षं थांबत नाही. रिव्हियन या दुसऱ्या अमेरिकन इलेक्ट्रिक गाडी कंपनीचंही तसंच दिसलं. 7 मार्च 2024 ला त्यांनी 45,000 डॉलरच्या आसपासची आर2 दाखवली, मिळणार 2026 मध्ये, आणि चोवीस तासांच्या आत 68,000 वर नोंदण्या आल्या. त्यांच्या चालू गाड्या 70,000 डॉलरच्या पुढे होत्या. 2023 मध्ये त्यांनी 50,122 गाड्या दिल्या, 2024 मध्ये 51,579. पडझड नाही.

अंतर कमी असेल तर मात्र गणित पार बदलतं, आणि तुमचा राग तिथलाच आहे. 2017 च्या वसंतात टेस्लालाच हा त्रास झाला. लोकांना वाटायला लागलं की 3 म्हणजे एसची पुढची, सुधारलेली आवृत्ती. नाव 3, म्हणून नवी! टेस्लाचे प्रमुख मस्क यांना जाहीरपणे सांगत सुटावं लागलं की 3 ही लहान, कमी पल्ल्याची, कमी ताकदीची गाडी आहे. स्वतःच्याच येणाऱ्या गाडीची विक्री ते मुद्दाम रोखून धरत होते.

ऑक्टोबर 2025 चं उदाहरण आणखी बोलकं आहे. मॉडेल 3 आणि मॉडेल वायच्या "स्टँडर्ड" आवृत्त्या 7 ऑक्टोबरला आल्या, 36,990 आणि 39,990 डॉलर. आधीच्या स्वस्तातल्या आवृत्तीपेक्षा साधारण पाच हजारांचा फरक. असल्या फरकाची घोषणा सहा महिने आधी केली असती तर चालू गाडी कुणी घेतलीच नसती. अमेरिकेतली 7,500 डॉलरची कर-सवलत 30 सप्टेंबरला संपणार होती, लोक त्याआधी गाडी घ्यायला धावत होते. कंपनीने पहिल्या स्वस्त गाड्या जूनमध्येच बनवल्या होत्या, पण आधी चालू गाड्या देऊन टाकू, नवीनचा वेग नंतर वाढवू, असं जुलैमध्ये गुंतवणूकदारांना सांगितलं. सवलत संपली, आठवड्याने नवीन गाडी समोर आली आणि बुकिंग त्याच दिवशी सुरू. सप्टेंबरमध्ये घेणाऱ्यालाही सवलत मिळाली असल्याने तोही फसला नाही. वेळ साधणं म्हणतात ते हे.

ज्यावर मला सर्वात जास्त बोलायचं आहे ती गोष्ट मात्र विक्रीची नाही, शब्दाची आहे. मॉडेल 3 चे 35,000 आठवा. जुलै 2017 मध्ये पहिल्या गाड्या हातात पडल्या त्या 49,000 डॉलरच्या होत्या. मोठी बॅटरी 44,000, वर 5,000 चं पॅकेज, आणि सुरुवातीला त्याशिवाय गाडी बनतच नव्हती. मे 2018 मध्ये मस्क यांनी उघड सांगितलं की सर्वात स्वस्त आवृत्ती आत्ताच दिली तर कंपनी तोट्यात जाऊन मरेल. 35,000 ची गाडी विकायला आली 28 फेब्रुवारी 2019 ला, घोषणेनंतर जवळजवळ तीन वर्षांनी. मधल्या काळात काय झालं बघा. कंपनीने अमेरिकेत दोन लाख गाड्यांचा टप्पा ओलांडला आणि नियमाप्रमाणे 7,500 ची सवलत 1 जानेवारी 2019 पासून निम्मी झाली. म्हणजे ज्याने 2016 मध्ये रांगेत उभं राहून, 35,000 वजा 7,500 असा हिशेब करून पैसे भरले, त्याला ती किंमत कधीच मिळाली नाही. महागडी आवृत्ती घेऊ शकणाऱ्याला पूर्ण सवलत मिळाली, आणि ज्याच्यासाठी गाडी जाहीर केली त्याच्या वाट्याला निम्मी. मला हे आजही सलतं.

22 सप्टेंबर 2020 ला मस्क यांनी तीन वर्षांत 25,000 डॉलरची गाडी, असं म्हटलं. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये त्याच माणसाने सांगितलं की साधी 25,000 ची गाडी बनवण्यात अर्थ नाही. एवढ्या आधी किंमत सांगणं म्हणजे बॅटरीतल्या सेलच्या भावावर लावलेली पैज. 2010 पासून बॅटरीचा भाव दरवर्षी उतरत आला होता, सगळ्यांनी तो तसाच उतरणार असं धरलं, आणि 2022 मध्ये लिथियम महागलं तसा तो पहिल्यांदा चढला. पुढे उतरला, पण तोवर अनेकांच्या जाहीर किमतींचे बारा वाजले होते.

जुना_खेळाडू

टूलरूम भाऊ, माहिती उत्तम, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. तुम्ही कंपनीची चालू गाडी वाचवताय. खरी स्पर्धा पेट्रोलच्या गाडीशी आहे. आज ज्याला इलेक्ट्रिक परवडत नाही त्याला "दोन वर्षांत येतेय" एवढं कळलं तर तो जुनी गाडी थोडी आणखी ओढेल. नाही कळलं तर नवी पेट्रोल गाडी घेईल आणि पुढची सात-आठ वर्षं तो गिऱ्हाईक म्हणून गेलाच.

शिवाय मस्क यांनी 2 ऑगस्ट 2006 लाच लिहून टाकलं होतं की आधी महाग स्पोर्ट्स कार, तिच्या पैशातून परवडणारी गाडी, त्यातून आणखी परवडणारी. तेव्हा पहिली गाडीसुद्धा गिऱ्हाइकाला मिळालेली नव्हती. त्या एका आराखड्यावर लोकांनी भांडवल दिलं. सहा महिने आधीच सांगायचं असा नियम असता तर ती कंपनी उभीच राहिली नसती. रेनोनेही जानेवारी 2021 मध्ये रेनो 5 चा नमुना दाखवला, अंतिम गाडी फेब्रुवारी 2024 मध्ये. तीन वर्षं लोक वाट बघत राहिले आणि गाडीचं स्वागत झालं.

टूलरूम

खेळाडू दादा, तुमचा पेट्रोलचा मुद्दा मी मानतो. पण दिशा सांगणं आणि किंमत-महिना सांगणं यात मी फरक करतो. 2006 च्या त्या मजकुरात परवडणाऱ्या गाडीची तारीख नव्हती, त्यामुळे कुणी गाडी घ्यायचं थांबवलं नाही. ते चालतं, किंबहुना नव्या कंपनीने करावंच. तिच्याकडे खाण्यासारखी स्वतःची विक्री नसते. रेनोचंही तेच. त्यांची लहान इलेक्ट्रिक गाडी झोई अंतिम रेनो 5 येईपर्यंत उतरणीला लागली होती, तिला 5 ने गिळलं तरी बिघडणार नव्हतं. तरीही तिथेसुद्धा आधी 52 किलोवॉट-तासांची महाग आवृत्ती आली आणि 25,000 युरोच्या आतली 40 ची मागून. पहिली कोणती मिळणार हे घोषणेतच ठळक सांगा, एवढं माझं मागणं आहे.

फोक्सवॅगनने मार्च 2023 मध्ये 25,000 युरोच्या आतली लहान इलेक्ट्रिक गाडी आयडी.2ऑल दाखवली, 2025 सांगितलं, ते 2026 वर गेलं. अशी कंपनी चालू गाड्या विकत असते, तिच्यामागे माझ्यासारखे शेकडो पुरवठादार असतात. आणि हे कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. आम्हाला दर महिन्याला शेड्यूल येतं. पहिला महिना पक्का, पुढचे दोन अंदाजे. एका गिऱ्हाईक कंपनीने अशीच घाईने लहान गाडीची घोषणा केली, आणि पुढच्या शेड्यूलमध्ये चालू मॉडेलच्या पॅनेलचे अंदाजे आकडे तिसऱ्या हिश्शाने खाली आले. पत्र्याची कॉइल आम्ही आधीच उचललेली होती. नव्या गाडीचं काम सुरू व्हायला अजून वर्ष होतं. मधल्या काळात दुसरी पाळी बंद झाली. ती मुलं प्रेसवर हात बसलेली होती, वर्षाने परत बोलावली तेव्हा निम्मी दुसरीकडे गेलेली. एका वाक्याची ही किंमत व्यासपीठावर उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही.

काउंटरवाली

मी शोरूममध्ये विक्री बघते, कंपनीचं नाव सांगत नाही. टूलरूम यांनी कारखान्याची बाजू सांगितली, काउंटरची मी सांगते.

घोषणा झाली की दुसऱ्या दिवशी फोन कमी होत नाहीत, उलट वाढतात. पण प्रश्न बदलतात. "ऑन-रोड किती?" ऐवजी "नवीन कधी येतेय?" एवढंच. आम्हाला तेच माहीत नसतं जे तुम्ही मुलाखतीत ऐकलं. खोटं बोलायचं नसेल तर "कल्पना नाही" म्हणावं लागतं, आणि विक्रेत्यालाच कल्पना नाही म्हटल्यावर माणूस उठून जातो. आवारात उभ्या असलेल्या गाड्या आम्ही व्याजाच्या पैशावर घेतलेल्या असतात. त्या जेवढ्या दिवस उभ्या, तेवढं व्याज. शेवटी सवलत देऊन काढाव्या लागतात, आणि मग गेल्या महिन्यात पूर्ण किमतीत घेतलेलं गिऱ्हाईक येऊन विचारतं, माझं काय? जानेवारी 2023 मध्ये चीनमध्ये टेस्लाने तीन महिन्यांत दुसऱ्यांदा भाव उतरवले तेव्हा नुकतीच गाडी घेतलेले लोक शोरूमवर जमा झाले होते. तो संताप मला अगदी कळतो, कारण असं गिऱ्हाईक समोर बसलेलं मी पाहिलं आहे. हातात बिल घेऊन, आवाज न चढवता, एकेक आकडा विचारत होते. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पण चीनमध्येच दुसरी पद्धतही आहे. बीवायडी या चिनी कंपनीने सीगल ही लहान इलेक्ट्रिक गाडी एप्रिल 2023 मध्ये शांघायच्या प्रदर्शनात मांडली, पूर्वविक्रीची किंमत 78,800 युआन सांगितली आणि आठवड्याभरात 73,800 ला अधिकृत विक्री सुरू केली. गाडी तयार, किंमत सांगितल्यापेक्षा खाली, थांबायला वेळच नाही. आमच्यासारख्यांना हीच पद्धत सोयीची.

चाकावरची

सगळ्यांचे खूप आभार. टूलरूम दादा, तुमच्या दुसऱ्या पाळीतल्या मुलांचं वाचून वाईट वाटलं, ही बाजू डोक्यातच नव्हती. आकडे वाचून एवढं कळलं की किमतीतलं अंतर किती हे पाहिल्याशिवाय थांबायचं की नाही हे ठरवता येत नाही. पण तेच तर सांगितलेलं नाही! अशा वेळी माझ्यासारखीने काय बघावं?

टूलरूम

ताई, कंपनी बोलत नसली तरी खुणा असतात. झाकलेल्या चाचणी-गाड्यांचे फोटो यायला लागले का ते बघा. त्या गाडीचे दिवे, दरवाजे, काचा हंगामी दिसत असतील तर अजून वर्षाच्या वर अवकाश आहे. दिवे खरे, फटी एकसारख्या, आतला डॅशबोर्ड पूर्ण, असं दिसलं तर डाय झालेले आहेत, गाडी वर्षाच्या आत. तुम्ही म्हणता त्या गाडीचा एकही असा फोटो आलेला नसेल तर मी थांबणार नाही. आणि "लहान" म्हणालेत ना ते? लहान गाडीत बॅटरी लहान, पल्ला कमी. तुम्हाला पाठीमागे तीन माणसं आणि लांबचा प्रवास हवा असेल तर ती गाडी तुमच्यासाठी नाहीच, किंमत काहीही असो.

काउंटरवाली

आणि बुकिंग करताना दोन गोष्टी लेखी मागा. एक, रद्द केलं तर पैसे पूर्ण परत का आणि किती दिवसांत. दोन, गाडी ताब्यात मिळेपर्यंत याच मॉडेलचा भाव उतरला तर उतरलेला भाव लागू होणार का. दुसऱ्या गोष्टीला बहुतेक विक्रेते तोंडी हो म्हणतात. बुकिंगच्या फॉर्मवर रिकाम्या जागेत लिहून, शिक्का मारून मागा. मॅनेजरची सही लागते त्याला, तेवढं थांबा, पण घेतल्याशिवाय उठू नका.